घट्ट मुंढा

धाकट्या जावेचं कौतुक ऐकलं की थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि आता तर गल्लीभर तेच चाललं होतं. धाकटी नगरपालिकेवर निवडून आली होती.

खरं तर पक्षाची माणसं आधी थोरलीकडेच आली होती. बाजारात बायकांसाठी संडास हवा, म्हणून ओरडून ओरडून घसा तिनेच कोरडा केला होता. तिचं शिवणाचं दुकान बाजारातच. दिवसभर पाण्याचा घोट न घेता मशीनवर बसणं काय असतं, ते तिला विचारा. पण नवरा म्हणाला, "तू सभांना हिंडणार, मग माझ्या जेवणाचं काय?" माणसं उठून शेजारच्या खोलीत गेली. तिथे दीर म्हणाला, "हिलाच विचारा. ही हो म्हणाली तर पोराचं मी बघतो." झालं! आयत्या बिळावर नागोबा.

"मुद्दा माझा आणि खुर्ची हिची," थोरली मशीनपाशी पुटपुटायची. दीर भांडी घासताना दिसला की तिच्या जिवाचा तिळपापड व्हायचा. खुर्चीचं एक वेळ सोडा, पण असला नवरा हिलाच कसा मिळाला?

पहिल्या सभेसाठी धाकटीने तिच्याकडेच ब्लाउज शिवायला टाकला. माप तोंडपाठ होतं. तरी काखेतला मुंढा थोरलीने मुद्दाम घट्ट घेतला. मिरव म्हणावं आता.

फजिती बघायला ती सभागृहात मागच्या बाकावर जाऊन बसली. नेमका संडासाचा ठराव मताला आला. तिथली रीत अशी की हात डोक्याच्या वर गेला, तरच मत धरायचं. धाकटीचा हात खांद्यापाशीच अडला. अध्यक्ष बोट नाचवत मोजत होते. मतं बरोबरीत आली, आणि आता कुठे थोरलीच्या ध्यानात आलं. अगं बाई, ठराव तर आपलाच की.

"वर घे गं, फाटू दे," ती बसल्या जागेवरून बोलून गेली.

धाकटीने हिसका दिला. शिवण उसवल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत आला. हात वर गेला, ठराव पास झाला आणि सगळ्या टाळ्या धाकटीला मिळाल्या. थोरलीनेही वाजवल्या, दातओठ खात.

संध्याकाळी धाकटीने तो ब्लाउज मशीनवर आणून ठेवला.

"वहिनी, तुमचं माप कधी चुकत नाही. हे मला ठाऊक आहे."

थोरली सुईत दोरा ओवत राहिली. दोरा काही जाईना.

"मुंढा सैल करून द्या. आणि पुढच्या निवडणुकीला तुम्ही उभ्या राहा. भाऊजींना जेवायला मी वाढीन."

ती गेली. थोरलीने शिवण उलटी करून टाके उसवायला घेतले. नवऱ्याच्या जेवणाची जी अडचण आपल्याला सोडवता आली नाही, ती या कालच्या पोरीने एका वाक्यात सोडवावी, याचाच तिला सगळ्यात जास्त हेवा वाटला.