डार्काच्या कॅम्परमध्ये कोण शिरलं?

डार्का ह्नात्यूकची हयात सीमेवरच्या चौकीत लोकांच्या गाड्यांतलं सामान उपसून तपासण्यात गेली. निवृत्त झाली तरी संशयी नजर निवली नाही. नवरा कंटाळून केव्हाच निघून गेला होता. तिची जिवाभावाची वस्तू एकच, तिचा कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर. पहिलं हिव पडायच्या आत ती त्याला हिवाळ्यासाठी तयार करायची. टाकीतलं पाणी सोडून नळ्यांत न गोठणारं गुलाबी औषध भरायचं, बॅटरी काढायची, गाद्या भिंतीशी उभ्या करायच्या आणि उंदरांसाठी दाण्याचा कणसुद्धा मागे ठेवायचा नाही. मग तो शेजारच्या शेतकऱ्याच्या, वेंडेलच्या शेडमध्ये नेऊन लावायचा. आगबीग लागली तर, म्हणून एक किल्ली वेंडेलकडे.

या वर्षी ती विसरलेला चष्मा न्यायला परत गेली, तर एक गादी आडवी. वर कुणी बसल्याचा खळगा. आणि कॉफीचा वास!

"वेंडेल, माझ्या गाडीत कोण शिरलं होतं?"

"अगं, उंदीर असेल."

"उंदीर कॉफी पितो होय रे?"

वेंडेल हसला, पण तिला ते हसणं पटलं नाही. हा पोरांना भाड्याने देतो की काय? का स्वतःच बायकोपासून लपून पीत बसतो? तिने दाराला बारीक दोरा बांधला. दोन दिवसांनी येऊन पाहिलं, दोरा तुटलेला.

मग एका दुपारी तिने पिकअप रस्त्यावरच ठेवली, बर्फ तुडवत शेडमागून आली आणि दार खाडकन उघडलं.

आत वेंडेलची बायको लोरेन. अंगात कोट, पायात दोन-दोन मोजे, मांडीवर विणकाम.

"पकडलंस बाई," लोरेन म्हणाली. "कापणी संपली की तो दिवसभर स्वयंपाकघरात बसतो. 'आता काय करतेस? झाकण का काढलंस? एवढं मीठ कशाला?' इथे कुणी काही विचारत नाही गं."

"पिशवी उघड," डार्का म्हणाली. सवयच ती. पिशवीत खसखशीचा रोल निघाला. "हे बाहेर! एक कण सांडला तर अख्खा हिवाळा उंदरांचं बाळंतपण करत बसू."

दोघी पिकअपमध्ये हीटर लावून रोल खात बसल्या. लोरेन रडली थोडी, मग हसली. कुणी डार्काजवळ असं मोकळं होऊन बऱ्याच वर्षांत बसलं नव्हतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "येत्या गुरुवारी तू इथे आलीस की मीपण येईन. पण आधी सांगत जा, चोरून नाही."

वसंतात कॅम्पर तळ्याकाठी गेला तेव्हा लोरेनही बरोबर होती. लग्नानंतर नवऱ्याशिवाय घराबाहेर ती पहिल्यांदाच राहिली. वेंडेल रोज फोन करून बटाटे कुठे ठेवलेत ते विचारायचा. लोरेन फोन घेऊन पाण्याकडे जायची, हळू आवाजात बोलायची. आणि डार्का खिडकीआडून कान देऊन उभी राहायची, ही नक्की माझ्याबद्दलच काहीतरी सांगतेय, म्हणून.