सासूबाईंचा नंबर

माणसाची सगळी चौकशी त्याच्या मोबाईल नंबरावरून होते, त्यासाठी त्याच्या घरी जावं लागत नाही, असं मानणारा माणूस वसईजवळच्या अख्ख्या गिरीज गावात एकच आहे आणि ते नेमके माझे सासरे आहेत. टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन ते केळीची वाडी बघतात, पण जीव सगळा आकड्यांत. लग्नाची बोलणी करायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार नाही, नंबर विचारला आणि सुरुवातीचे आकडे ऐकताच चहाचा कप खाली ठेवला. "हा गुजरात सर्कलचा. वापी की सुरत?" वापीच्या नोकरीचा विषय मी तोवर शिताफीने टाळत होतो. सुरुवातीचे आकडे सरकार कंपनीला वाटून देतं, मागचे कंपनी आपल्याला देते, हे त्यांनी वसईच्या बाजारात भाजी घेता घेतासुद्धा लोकांना समजावलंय. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आली तेव्हा त्यांचे अंदाज चुकायला लागले. चार दिवसांनी म्हणाले, "मुलींचं होतं तेच झालं. आकडे माहेरचे, बिल सासरचं." एकदा चर्चमध्ये रविवारची मिस्सा संपल्यावर फादरांनी ऑफिसचा नवा नंबर वाचून दाखवला, तर हे बाकावरून उठले. "फादर, एक आकडा कमी पडतोय." माझी बायको खाली मान घालून बसली होती.

नंबर कुणाच्या मालकीचा नसतो, आपण भाडेकरू, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण सासूबाई गेल्यावर त्यांच्या नंबरचा रिचार्ज मात्र हा माणूस न चुकता करायचा. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काही महिने ते आमच्याकडे विरारला राहिले आणि त्या गडबडीत रिचार्ज राहून गेला. मोबाईल कंपनीच्या दुकानात चौकशीला गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, तो नंबर दुसऱ्याला गेला." मी हुज्जत घालायला पुढे झालो तर माझा हात धरून म्हणाले, "नियम आहे." मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाडीत बसून त्यांनी तो नंबर लावला. लातूरकडची कुणी कॉलेजातली मुलगी निघाली. मला वाटलं, आता परत मागतील. "बाळा, नंबर चांगला आहे, नीट सांभाळ," ते म्हणाले. "जुन्या ओळखीचे फोन येतील, वैतागू नकोस. आमची मंडळी आता या नंबरवर नसते एवढंच सांग."

नाताळच्या दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर सासूबाईंचं नाव होतं. त्यांनी ते पुसलंच नव्हतं. शुभेच्छा द्यायला ती लातूरची पोरगीच असणार, हे सगळ्यांना कळलं.

"पप्पा, उचला ना," बायको म्हणाली.

"उचलतो," ते नावाकडे बघत म्हणाले. "जरा वाजू दे."