पुनवेची तपासणी

घोडबंदरच्या इंदुबाईंना कॅलेंडर लागायचं ते फक्त सिलिंडर कधी लावला हे लिहून ठेवायला. बाकी सगळं त्या भरती-ओहोटी आणि चंद्र बघून चालवायच्या.

साठी उलटलेली ही बाई जन्मभर भात आणि भाजी पिकवत आली होती. तीन वर्षांपूर्वी खाडीचा बांध फुटला, खालच्या शेतात खारं पाणी शिरलं आणि तिथे गवतही उगवेना. मुलगा जितेंद्र म्हणाला, "आये, लॉनवाल्याला भाड्यानं देऊ. लोक लग्नं लावतील, आपन बसून खाऊ." वरसाव्यापर्यंत रस्त्याच्या कडेला लॉनच लॉन झाली होती, तेव्हा तो काही वेड्यासारखं बोलत नव्हता. पण बसून खायची कल्पनाच इंदुबाईंना मानवेना. आपल्या शेतात परक्या नवरदेवाचा घोडा नाचणार, या विचारानंच त्यांचं डोकं तापलं.

तेवढ्यात सरकारी योजना कानावर आली. शेतीला जोडधंदा करा; अर्धा खर्च तुमचा, अर्धा सरकारचा. इंदुबाईंनी खाऱ्या शेताचं तळं केलं, त्यात प्लास्टिकचे डबे तरंगत सोडले आणि एकेका डब्यात एकेक पोकळ चिंबोरी, म्हणजे आत मांस न भरलेला खेकडा, ठेवून तिला बारीक मासळी चारायला लागल्या. चिंबोरी अंगानं भरली की हॉटेलवाले शोधत येतात. आपला अर्धा वाटा त्यांनी गळ्यातली माळ मोडून भरला. सरकारचा वाटा तपासणीनंतर मिळणार होता. तपासणी फसली तर लॉनच्या कागदावर मुकाट सही करीन, असा शब्द त्यांनी लेकाला दिला होता.

तपासणीचं पत्र आलं आणि इंदुबाईंनी कपाळावर हात मारला. तारीख नेमकी पुनवेची! अवसेला चिंबोरी गच्च भरलेली आणि पुनवेला हलकी, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांनी ऑफिसात फोन लावला, तर पलीकडचा म्हणाला, "बाई, आमच्या फॉर्मवर तारीख असते, तिथी नसते."

"भाईंदरच्या बाजारातून भरलेल्या दोन-चार आनू का?" जितेंद्रनं हळूच विचारलं.

"खबरदार! बाजारातल्या आनून माज्या सांगू? त्यापेक्षा घोडा नाचूदे."

ठरल्या दिवशी तपासणीला संपदा मॅडम आल्या. मूळच्या सोलापूरच्या, वयानं तरुण, वजनकाटा स्वतःच्या हातात धरणाऱ्या. पहिली चिंबोरी हलकी भरली. दुसरीही हलकी. मॅडमचा चेहरा उतरला. तिसरीला मात्र काटा झपकन पुढे सरकला, चौथीलाही. मॅडम खूश झाल्या आणि इंदुबाई चरकल्या. तिसरीच्या नांगीला हिरव्या सुतळीचा तुकडा अडकला होता. एकमेकींना धरू नयेत म्हणून नांग्या बांधतात त्या बाजारात. इंदुबाईंकडे प्रत्येकीचा डबा वेगळा, तिथे बांधायचं कशाला?

त्यांनी लेकाकडे पाहिलं. एरवी खाडीकडे ढुंकूनही न बघणारा जितेंद्र अगदी मन लावून खाडी बघत होता. त्याच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. सुतळ्या सोडवताना चिंबोऱ्यांनी त्याला चांगलंच धरलेलं दिसत होतं.

लॉन त्यालाच हवं होतं. नुसता गप्प बसला असता तरी मिळालं असतं. इंदुबाईंचा राग कुठल्या कुठे गेला.

तरी त्यांनी मॅडमना सांगून टाकलंच. "या दोन माज्या न्हाय. बाजारातल्या हायत. माज्या त्या हलक्या. आज पुनव हाय, अवसेला येऊन बघा."

"अमावास्येला खरंच वजन वाढतं?"

"न्हाय वाढलं तर मी शेत लॉनला देनार. शब्द दिलाय."

मॅडमनी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. मग शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'फेरतपासणी, पंधरा दिवसांनी.' बाजारच्या दोन चिंबोऱ्या त्यांनी तिथल्या तिथे बाहेर काढायला लावल्या.

त्यांची गाडी वळते न वळते तोच जितेंद्रचा मोबाइल वाजला. लॉनवाला. जितेंद्रनं फोन कापला, घरात जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि पट्टीच्या बोटानं एकेक चौकोन शोधायला लागला.

"आये, अवस कंच्या वारी?"

"शनवारी," इंदुबाई म्हणाल्या. "आन त्या दोघींचं कालवन करते. तुला चावल्यात ना, तूच खा."