टिचकीमास्तर आणि पोपटी पोलाद

टिचकी मारल्याशिवाय कुठल्याच वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, असा त्यांचा खाक्या होता. चहाचा कप हातात आला, की टिचकी. शेजाऱ्यांनी नवीन दार बसवलं, की टिचकी. एकदा खोकला झाला म्हणून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पाठीवर बोटं ठेवून ठकठक करून पाहिलं, तर हे एकदम खूश होऊन म्हणाले, "वा! म्हणजे तुम्हीही आमच्यातलेच की!" आणि निघताना डॉक्टरांच्या वजनकाट्याला टिचकी मारून "हा खोटं बोलतो" असा शेरा देऊन आले. त्यांचं खरं नाव कारखान्यात कुणालाच आठवत नसे. सगळे त्यांना टिचकीमास्तर म्हणत.

कारखाना मोरीच्या जाळ्यांचा. न्हाणीघरात पाणी जाण्याच्या भोकावर बसते ती गोल, भोकाभोकांची जाळी. ती भोकं पाडणारे पंच मास्तर घडवत. पंच म्हणजे पेन्सिलीएवढी पोलादी कांडी. अशा कांड्या ओळीने उभ्या बसवायच्या, खाली पत्रा सरकवायचा, वरून प्रेस दाबली की 'धप्प' आणि पत्र्याची चाळणी. ॲल्युमिनियमच्या जाळ्या होत्या तोवर मास्तरांचे पंच निवांत चालले. मग लोकांना स्टेनलेसची हौस आली आणि मास्तरांची झोप उडाली.

स्टेनलेस वागायला भारी हट्टी. पंचाला चिकटतं, ओरबाडतं, धार खाऊन टाकतं. बोथट पंच भोक पाडत नाही, फाडतो, आणि भोकाच्या काठाला करवतीसारखे दाते राहतात. हे कळायला वेळ लागला नाही, कारण एक दिवस नाच शिकवणाऱ्या एक बाई पायाच्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज बांधून कारखान्यात आल्या आणि मालकीणबाईंच्या टेबलावर जाळी आदळून म्हणाल्या, "ही मोरीची जाळी आहे का खोबरं खवायची खवणी?"

मालकीणबाईंनी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी जाळीला टिचकी मारली.

"टिचक्या नंतर मारा," मालकीणबाई म्हणाल्या. "आधी बाईंच्या अंगठ्याचं काय ते बोला."

"पंच मऊ पडतोय," मास्तर म्हणाले. "कडक करतो. असा कडक करतो की बघत राहाल."

आणि खरंच केला. पोलाद लालबुंद तापवून विझवलं की ते कडक होतं, पण फार ताठही होतं. म्हणून त्याला पुन्हा बेताने तापवून तो ताठा थोडा उतरवायचा असतो. याला टेंपरिंग म्हणतात. मास्तरांना वाटलं, ताठा उतरवायचाच कशाला? ते स्वतः आयुष्यात कधी उतरले नव्हते. टेंपरिंग त्यांनी उरकल्यासारखं उरकलं आणि पंच प्रेसवर चढवले.

प्रेस चालवायला अक्का होत्या. हात मशीनवर, तोंड चारी दिशांना. पहिल्या काही जाळ्या देखण्या निघाल्या. मग 'टिक्' असा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने अक्कांनी मास्तरांपुढे कप आणून धरला.

"मास्तर, तुमचा पंच माझ्या चहात उतरलाय."

कपाच्या तळाशी पंचाचं टोक चमकत होतं. मास्तरांनी ते चिमटीने काढलं, पुसलं आणि सवयीने टिचकी मारायला गेले, तर ते उडून बिस्किटांच्या पुड्यात पडलं.

"मऊ केला तर झिजतो, कडक केला तर तुटतो," अक्का म्हणाल्या. "अहो, जरा चिवट असं काही मिळत नाही का बाजारात?"

मिळत होतं. अडचण एवढीच होती, की ते जिथे मिळत होतं ते दुकान मास्तरांच्या साडूचं होतं.

आता मास्तर आणि त्यांचे साडू यांच्यात काय बिनसलं होतं, ते सांगायला हवं. साडूंनी काही वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने जेवणाचं टेबल घेतलं होतं. सगळ्या सासुरवाडीला जेवायला बोलावलं, आणि टेबलावर हात फिरवत म्हणाले, "अख्खं शिसवी आहे, बरं का." मास्तरांनी टिचकी मारली आणि सासऱ्यांसमोर, सासूबाईंसमोर, झाडून सगळ्या मेहुण्यांसमोर जाहीर केलं, "आत भुसा आहे."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. काही सांगायचं असलं तर मास्तर बायकोला सांगत, बायको आपल्या धाकट्या बहिणीला फोन करी, आणि बहीण आपल्या नवऱ्याला सांगे. दोघी बहिणींची यात काही तक्रार नव्हती. त्या निमित्ताने रोज तासभर गप्पा होत.

मास्तरांनी आधी दुसरीकडे शोधून पाहिलं. एकाने दाखवलेलं पोलाद चिवट होतं, पण स्टेनलेसपुढे त्याचं टोक दबून भुईछत्रीसारखं पसरलं. दुसऱ्याने पोलाद सोडून गॅसची शेगडीच गळ्यात मारायचा प्रयत्न केला. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या साडूंकडे चांगला माल असतो म्हणे. की मीच जाऊ?"

मालकीणबाई गेल्या असत्या तर साडूने ते वर्षभर सगळ्या नात्यात वाजवलं असतं. म्हणून मास्तरांनी ठरवलं, आपणच जायचं, पण कुणाला कळू द्यायचं नाही. त्यांनी डोक्यावर टोपी चढवली, तोंडाला धुळीचा फडका बांधला, घरात सापडला तो मोठा काळा गॉगल डोळ्यांवर लावला आणि बायकोला म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो."

बायकोने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या हं सावकाश," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत पळाली.

साडूंचं दुकान लांबोडकं होतं. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, त्यांवर पोलादाचे गज लाकडाच्या मोळ्यांसारखे रचलेले. साडू काउंटरमागे बसले होते.

"बोला साहेब," साडू म्हणाले.

"मला..." मास्तरांनी आवाज खोल विहिरीतून काढल्यासारखा काढला, "मला पंचासाठी पोलाद हवं आहे. आमचा किटलीचा कारखाना आहे."

"बसा की. किटलीवाल्यांचं आम्हाला फार अगत्य." साडूंनी खुर्ची पुढे केली. "तुटतो का झिजतो?"

"आधी झिजला. मग कडक केला, तर तुटला."

"टेंपरिंग नीट केलं होतं?"

किटलीवाल्यांनी घसा साफ केला.

"नसेल केलं," साडू सहानुभूतीने म्हणाले. "असतात हो अशी माणसं. आमच्याच नात्यात एक आहेत. साडूच आहेत माझे. कारागीर म्हणाल तर पहिल्या नंबरचा. पण हट्ट! एकदा माझ्या टेबलाला..."

आणि साडूंनी टेबलाची अख्खी कथा सांगितली. सासऱ्यांना कसा ठसका लागला, सासूबाईंनी कसा विषय बदलला, त्या रात्री आपल्याला जेवण कसं गेलं नाही, सगळं. फडक्याखाली मास्तरांचे कान तापले. दोनदा "पण खरंच भुसा होता" हे ओठांवर आलं, पण किटलीवाल्याला ते कसं माहीत असणार?

"वाईट झालं," किटलीवाले शेवटी म्हणाले.

"झालंच. बरं, आता तो गॉगल काढा," साडू म्हणाले. "माझ्या बायकोचा आहे. मागच्या महिन्यात तुमच्याकडे विसरून आली होती."

मास्तरांनी गॉगल काढला. कडेला चमकीची फुलपाखरं होती. ती आपण येताना पाहिली कशी नाहीत, हे मास्तरांना कळेना.

"तुम्हाला कधी कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही घरातून निघालात तेव्हा. ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, गॉगल घालून येतायत, हसू नका. मी हसलो का?"

"नाही हसलात."

"फार त्रास झाला हो त्याचा मला," साडू म्हणाले आणि मग पोट धरून इतके हसले की काउंटरवरचा स्टेपलर खाली पडला. मास्तर गाल फुगवून बसले. मग त्यांनाही हसू फुटलंच.

हसणं ओसरल्यावर साडूंनी कामाचं सांगितलं. "साध्या पोलादात कडक कण असतात ना, ते पिठातल्या गुठळ्यांसारखे एका जागी गोळा होतात. तिथूनच चीर जाते. पावडरचं पोलाद वेगळं. वितळलेल्या धातूची आधी बारीक पूड करतात आणि मग ती दाबून एकजीव करतात. गुठळी नाहीच. तेवढंच कडक ठेवलं तरी सहजी तुटत नाही, आणि झिजायलाही वेळ लावतं. तुमच्या स्टेनलेसला तेच हवं."

"मग द्या की."

मान खाली घालून साडूंनी काउंटरवरची न दिसणारी धूळ पुसली.

"साडूभाऊ, एक सांगतो. हसायचं नाही."

"मी कशाला हसू?"

"कुठला गज कुठल्या पोलादाचा, ते कळावं म्हणून आम्ही टोकांना रंग लावतो. लाल, निळा, पिवळा. गेल्या आठवड्यात मी गावाला गेलो होतो. तेवढ्यात हिने माझ्या मागे दुकान रंगवून घेतलं. फार कळकट दिसतं म्हणाली."

मास्तरांनी मांडण्यांकडे पाहिलं. मांडण्या पोपटी होत्या. भिंती पोपटी होत्या. आणि मांडणीतल्या झाडून सगळ्या गजांची टोकं, एकजात, पोपटी होती.

"सगळे?" मास्तरांनी विचारलं.

"सगळे. रंगारी फार मन लावून काम करणारा होता. आठवडाभर गिऱ्हाइकांना 'माल संपलाय' सांगतोय मी."

आता मात्र मास्तर उठले. बाह्या सरसावल्या. हा क्षण आपल्यासाठीच राखून ठेवलेला आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पहिल्या गजाला टिचकी मारली. टण्ण. दुसऱ्याला. टण्ण. एक मांडणी झाली, दुसरी झाली. साडू मागोमाग श्वास रोखून चालत होते. शेवटच्या गजापाशी मास्तर थांबले आणि बोट चोळत राहिले.

"काय म्हणतंय?"

"सगळे एकच म्हणतात," मास्तर हळूच म्हणाले. "टण्ण."

सरसावलेल्या बाह्या त्यांनी पुन्हा खाली ओढल्या. साडूंना ते दिसलं असावं. ते म्हणाले, "टेबलाचं मात्र बरोबर होतं हं तुमचं. भुसाच निघाला. पुढच्याच वर्षी एक पाय खचला."

"मग बोलला नाहीत ते?"

"कसा बोलणार? बोलणं बंद होतं ना."

मास्तरांना एकदम हुशारी आली. "ग्राइंडर आहे का?"

पोलाद फिरत्या सहाणेवर धरलं की ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक जातीची ठिणगी निराळी. पण ती नीट दिसायला अंधार लागतो. म्हणून भर दुपारी दोघांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. डोळ्यांना लावायचा चष्मा एकच होता, तो आळीपाळीने घ्यायचा ठरला. साडू गजाचा तुकडा सहाणेला लावत आणि मास्तर उकिडवे बसून बघत.

"पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटतायत. हे साधं. बाजूला ठेवा."

"हे?"

"पिवळट, आखूड. हे डी-टू जातीचं. ॲल्युमिनियमला मी हेच वापरतो."

"आणि हे बघा, हे!"

या ठिणग्या शेंदरी होत्या, बारीक, लाजऱ्या. कुठे फुलणं नाही, उडणं नाही. "हायस्पीडच्या घरातलं दिसतंय, ड्रिलची पाती करतात त्या जातीचं," मास्तर म्हणाले.

"मग सापडलं! या जाडीत त्या घरातलं मी फक्त पावडरचंच ठेवतो," साडू ओरडले. "सरका, मला बघू द्या. तुम्ही मघापासून चष्मा अडवून बसलाय."

"माझा नंबर संपला नाही अजून!"

"संपला! सोडा म्हणतो ना!"

नेमक्या याच वेळी दोघी बहिणी रिक्षातून उतरल्या. नवरा लवकर परत आला नाही, आणि बहिणीचा नवरा फोन उचलत नाही, म्हणून मास्तरांच्या बायकोने धाकटीला सोबत घेतलं होतं. बघतात तर शटर खाली, आतून ग्राइंडरचा कर्कश्श आवाज, आणि "सोडा म्हणतो ना!"

"मेले गं एकमेकांच्या हातून!" धाकटी किंचाळली आणि दोघींनी शटरवर असे गुद्दे घातले की समोरचा न्हावी अर्धी दाढी सोडून धावत आला. शटर वर गेलं. आत दोघं काळ्याठिक्कर तोंडाने, एकाच चष्म्याची एकेक काडी धरून उभे.

"अहो, भांडताय का?" मास्तरांची बायको म्हणाली.

"छे," मास्तर म्हणाले. "खरेदी चाललीय."

पुढचं काम कष्टाचं होतं, पण सरळ होतं. मास्तरांनी त्या पोलादाचे पंच घडवले. भट्टीतून काढून विझवले आणि टेंपरिंग एकदा नाही, तीनदा केलं. दर वेळी पंच पूर्ण निवेपर्यंत भट्टीभोवती पिंजऱ्यातल्या वाघासारख्या येरझाऱ्या घातल्या, पण घाई केली नाही. मग पंचांच्या अंगाला लांबीच्या दिशेने इतकं घासून पॉलिश केलं, की स्टेनलेसला चिकटायला जागाच उरू नये.

पंच चढले त्या दिवशी अक्कांनी चहाच्या कपावर बशी झाकून ठेवली, वर हातोडी ठेवली, आणि मगच प्रेसला हात घातला. सकाळ गेली, दुपार गेली. भोकांचे काठ गुळगुळीत. अक्का मधूनच जाळीवरून बोट फिरवत आणि काही बोलत नसत. अक्का बोलत नाहीत म्हणजे काम उत्तम आहे, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

पंच अमर झाले असं नाही. पुढे तेही बोथट झाले, पण नुसते बोथटच झाले. टोक घासून धार दिली की पुन्हा कामाला लागत. मालकीणबाई उत्साहाने म्हणाल्या, सगळीकडे हेच पोलाद लावू. मास्तर म्हणाले, कशाला? ॲल्युमिनियमला डी-टू पुरे. त्यावर साडूंचा जरा हिरमोड झाला, पण तो त्यांनी फोन न करता स्वतः येऊन सांगितला.

आता दर रविवारी दोघं एकत्र असतात. दुसऱ्या कारखान्यांतले तुटके पंच गोळा करून ते टेबलावर मांडतात आणि कोण कशाने मेला यावर वाद घालतात. सुरुवातीला दोघी बहिणींना फार बरं वाटलं. नवरे बोलायला लागले, घरं जोडली गेली. पण रोजच्या फोनला आता निमित्त उरलं नाही, आणि रविवारी दुसरा विषय निघेना. मग एकदा धाकटी म्हणाली, "ताई, भांडण होतं तेव्हा किती सुख होतं गं."

"होतं खरं," ताई म्हणाली. "पुन्हा लावून द्यायचं का?"

दोघींनी थोडा वेळ गंभीरपणे विचार केला. मग पर्स उचलल्या आणि सिनेमाला निघून गेल्या. टेबलाशी बसलेल्या दोघांना ते संध्याकाळपर्यंत कळलंही नाही.