विजय दिवसाचा पेढा

मंडळी, आज सोळा डिसेंबर. मी शिकवते त्या शाळेत विजय दिवस झाला, पेढे वाटले. कळस गावी घरी येताना शेजारच्या सखूआक्कांसाठी एक पेढा बांधून आणला.

आक्कांचे मालक एकाहत्तरच्या लढाईत गेले. या तारखेचा त्यांनी घेतलेला धसका मी लहानपणापासून बघतेय. नव्वदच्या दशकात मी सातवीत होते आणि त्यांचा मुलगा काश्मीरला फौजेत होता. त्या वर्षी त्याचं पत्र नेमकं सोळा डिसेंबरला आलं. वाचून दाखवायला मी धावत गेले, तर आक्कांनी ते बुद्धांच्या फोटोखाली ठेवून दिलं.

"आज न्हाय फोडायचं. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वाचलं. तो सुट्टीवर येणार होता. आक्का मला पोटाशी धरून रडल्या.

आज त्यांनी पेढा घेतला आणि तसाच हातात धरून बसल्या.

"खा की आक्का," मी म्हणाले.

"त्या दिशी रेडिवोवर जिंकल्याचं सांगितलं. गावानं पेढं वाटलं. मी बी दोन खाल्लं. आमचं मालक त्याच दिशी सकाळी गेलं व्हतं गं. तार आली आठ दिसांनी."

आक्कांनीच पेढा मोडून माझ्या तोंडात घातला.

"तू खा, पोरी. जिंकलो तर व्हतोच की आपण."

तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का? असेल तर आज त्यांच्यापाशी थोडा वेळ बसून या.