बारीक कोणता, जाड कोणता

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरतेत मी कानाच्या दवाखान्यात तपासण्या करायचे. तापात बहिरे झालेले एक खानदेशी लूम-कामगार कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कानात शस्त्रक्रियेनं घालायचं ऐकण्याचं यंत्र, बसवून आले होते. मी मशीनचं बटण फिरवून दोन आवाज लावायचे, एक बारीक, एक जाड; बारीक कोणता, ते त्यांनी सांगायचं. एकही उत्तर चुकलं नाही. त्यांच्या बायकोनं पेढे वाटले, मी मूर्ख, मीही एक खाल्ला.

मग माझी ट्यूब पेटली. लूमच्या खडखडाटात ही माणसं जन्मभर एकमेकांचे हात बघून बोलतात. हे माझी बोटं बघत होते! बारीक आवाजाला मी बटण उजवीकडे फिरवायचे.

मी हातापुढे पुठ्ठा धरला आणि पुन्हा दोन आवाज लावले.

ते गोंधळले. अजिजीनं म्हणाले, "ताई, पुठ्ठा काढा ना, ऐकू येत नाही."