दलदलीतली वाट

बेकरीच्या ट्रेमध्ये तळाशी चुरा साचतो ना, तसे किस्से साचतात. कोणी मुद्दाम साठवत नाही. बिस्किटं निघून जातात, चुरा मागे राहतो. मी मिरजेला जन्मभर बेकरीच्या भट्टीवर होतो, म्हणून मला असलीच उपमा सुचते. शाळा फारशी लाभली नाही. पण चुराही चवीला बिस्किटाचाच असतो, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

हा चुरा जर्सीतल्या एडिसन गावचा आहे. मी मुलाकडे, विनयकडे, अमेरिकेत राहायला गेलो होतो तेव्हाचा. विनयच्या कॉम्प्लेक्समध्ये सायकलवाल्यांची एक टोळी होती. पुण्याची मृणाल, नागपूरचा प्रशांत, आमचा विनय आणि सगळ्यांचा म्होरक्या सतीश. सगळे कॉम्प्युटरवाले. शनिवारी गाडीच्या मागे सायकली बांधून दक्षिणेला पाइनच्या जंगलात जायचे. मीही जायचो. माझं काम एकच, घडीच्या खुर्चीत बसून डबे आणि चहाचा थर्मास सांभाळणं!

*

दर गुरुवारी त्यांचा कॉन्फरन्स कॉल असायचा. राहायला सगळे एकाच आवारात, पण प्लॅनिंग फोनवर! प्रशांतचं घर आमच्या भिंतीला लागून. तो बोलला की आधी भिंतीतून ऐकू यायचं, मग फोनमधून.

एकदा मी न राहवून म्हटलं, "अरे, त्याला इकडेच बोलवा की."

फोनमधून मृणाल म्हणाली, "काका, प्लीज म्यूट करा. अजेंडा चालू आहे."

अजेंडा म्हणजे एक वाट. त्या जंगलात मैलोन् मैल दलदल आहे. तिच्या अलीकडच्या टेकाडावरून पलीकडच्या नदीपर्यंत सायकलवर जायचं. रस्ता नाही. इंटरनेटवरून प्रिंट काढलेले नकाशे सतीशने जेवणाच्या टेबलावर चिकटवले होते.

मी विचारलं, "यात दलदल कुठली?"

"तीच तर दिसत नाही, काका. सगळं नुसतं हिरवं आहे. आत गेल्यावर कळतं," सतीश म्हणाला.

सतीशचा व्हिसा डिसेंबरात संपत होता. ग्रीन कार्डाचं कंपनीत कुठे तरी अडकलं होतं, ते सुटलंच नाही. बायको-मुलगी आधीच साताऱ्याला गेलेली. त्या दिवशी नकाशावर हात ठेवून तो म्हणाला, "इतकी वर्षं नुसतं घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. जाण्याआधी या देशात एक तरी गोष्ट आरपार करायचीय, काका."

तेव्हापासून ती वाट एकट्या सतीशची राहिली नाही.

*

पहिल्याच शनिवारी प्रशांत बुडाला.

तिथलं पाणी मोठं सुंदर. कोऱ्या चहाच्या रंगाचं. सीडरची झाडं त्यात पाय सोडून उभी, आणि खाली शेवाळ असं मऊ की वाटावं, कोणीतरी गादी घालून ठेवलीय, आता निजायला येईल. मी तर बघता बघता डुलकीच घेतली.

जागा झालो ते प्रशांतच्या आवाजाने. "काही नाही यार, वरून पक्कं आहे!" म्हणत तो सायकल दामटत निघाला होता. गादीने चाक गिळलं, मग पेडल, मग गुडघे. वर राहिलं फक्त हँडल आणि प्रशांत. तिघांनी ओढून काढला तेव्हा एक बूट खालीच राहिला.

"घाबरलास का रे?" मी विचारलं.

"नागपूरचा माणूस दलदलीला घाबरत नाही, काका!"

"नागपुरात दलदल आहे कुठे?" मृणाल म्हणाली.

"म्हणूनच तर घाबरत नाही!"

*

मग मृणाल म्हणाली, हे असं चालणार नाही. जिथे जमीन पक्की लागेल तिथे खूण करायची. झाडाला रंग लावायचा नाही, प्लास्टिकच्या पट्ट्या बांधायच्या नाहीत, निसर्गाला त्रास नको. तिने ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून रांगोळीची पाकिटं आणली.

सगळा दिवस ते तिघे पुढे चाचपत गेले आणि मागे मृणाल दर वळणावर चिमटीने बाण काढत गेली. बाण तरी किती सुबक! एका ठिकाणी तर तिने कडेला दोन पाकळ्याही काढल्या.

परत निघाले तर एकही बाण नाही. मुळात पक्की जमीन म्हणजे तिथली वाळू, आणि ती वाळू साखरेसारखी पांढरी शुभ्र! सतीश गुडघ्यांवर बसून वाळूला नाक लावून बघतोय, प्रशांत हसून हसून खाली लोळतोय.

मृणालचा चेहरा मात्र ढिम्म. "रांगोळी जिथे काढली तिथेच आहे," ती म्हणाली. "दिसत नाही, एवढंच."

प्रशांत म्हणाला, "बरोबर आहे. पुण्याची रांगोळी चुकत नाही, जर्सीची वाळू चुकली!"

*

नंतर गणपती झाले. तिथे विसर्जन घरामागच्या अंगणात, प्लास्टिकच्या टबात. मूर्ती वीतभर, टब हातभर. पण घोषणा द्यायची जबाबदारी प्रशांतची, आणि तो टबात तोंड घालून अशा आरोळ्या ठोकायचा की पलीकडच्या बाई खिडकी लावून घ्यायच्या. सतीश बाजूला उभा राहून म्हणाला, "टबात कसलं विसर्जन यार. कमरेएवढं पाणी पाहिजे."

उरलेला गुलाल मृणालने वाटेसाठी घेतला. आता दिसेल की नाही, बघू!

दिसला. फारच लांबून दिसला. मी खुर्चीत बसलो होतो, धुकं अजून झाडांच्या बुंध्यांशी रेंगाळत होतं. त्या धुक्यातून एक माणूस आला. तोंडाला हिरवी-काळी माती फासलेली, पाठीला भाता, हातात धनुष्य! मला वाटलं, मी पुन्हा डुलकी घेतली आणि वनवासात पोचलो.

तो खाली वाकून गुलालाच्या ठिपक्यांमागून हळूहळू येत होता. जखमी हरणाचा माग समजून. ठिपके संपले तिथे मी, थालीपीठ खात बसलेला.

त्याने ठिपक्यांकडे बोट केलं, मग माझ्याकडे. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी. मी गुलालाचं पाकीट दाखवलं, चिमूटभर आपल्या कपाळाला लावला. मग टोपी काढून त्याने कपाळ पुढे केलं.

गुलाल लावला, थालीपीठ दिलं. दोन्ही घेऊन तो धुक्यात निघून गेला. संध्याकाळी मी हे सांगितलं तर विनय म्हणाला, "आबा, उन्हात झोपू नका!"

*

असं करत करत वाट जवळजवळ जुळली. शेवटचा तुकडा तेवढा एका म्हाताऱ्या गोऱ्या शेतकऱ्याच्या शेतातून होता. त्याची परवानगी आधी, ऑगस्टमध्येच घेतली होती. मृणालने त्याला काय काय विचारलं! कुत्री आहेत का, फाटक कधी उघडतं, कोणी पडलं तर इन्शुरन्स कोणाचा. म्हातारा म्हणाला, "शनिवारी कधीही या."

पीक कसलं आहे, हे मात्र कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. जमिनीलगत पसरलेला बारीक पानांचा वेल होता, त्याला हिरवट फळं. एक तोंडात टाकलं, करवंदासारखं आंबट. रानच असेल म्हणून सोडून दिलं.

*

ऑक्टोबरात सतीशने घरातलं सामान काढलं. सोफा प्रशांतने नेला, कुकर मृणालने. पुढच्या रविवारी प्रशांतकडे पॉटलक होतं, म्हणजे ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायचा. सतीश सोफ्यावर बसला आणि ताटातली चटणी सांडली.

"अरे, सांभाळून! सोफा खराब होईल," प्रशांत ओरडला.

"माझाच आहे रे."

"होता!"

सगळे खो खो हसले. सतीशही हसला. मग आत जाऊन ओलं फडकं घेऊन आला आणि डाग जाईपर्यंत पुसत बसला.

मी त्याला विचारलं, "सायकल नेणार का रे?"

"बघू, काका. आधी पलीकडे तर पोचू दे."

*

शेवटचा शनिवार. सतीश, प्रशांत आणि मृणाल पहाटेच टेकाडावरून निघाले. विनयने मला गाडीतून लांबचा वळसा घालून पलीकडच्या टोकाला, त्या शेताच्या नदीकडच्या काठावर आणलं. मी चहा घेऊन खुर्चीत बसलो.

धुकं हळूहळू उचललं आणि समोर शेत नव्हतंच! तळं होतं. आणि तळं लालभडक, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू कोणी गुलालाची पोतीच्या पोती ओतलीत. ती हिरवी फळं पिकून लाल झाली होती, आणि ती तरंगवून गोळा करायला शेतकऱ्याने सगळ्या शेतात पाणी सोडलं होतं. फळं वर तरंगत होती, वाट खाली बुडाली होती.

पाइनमधून तिघे बाहेर आले आणि काठावर थबकले. इतक्या लांबून चेहरे दिसत नव्हते. सतीशने सायकल आडवी ठेवली आणि तो तिच्याशेजारी खाली बसला.

म्हाताऱ्या शेतकऱ्याने विनयला विचारलं, काय भानगड आहे. विनयने सांगितलं, डिसेंबरचंही सांगितलं. मग म्हाताऱ्याने छातीपर्यंतची एक रबरी विजार आपल्या दोन गड्यांच्या हाती देऊन त्यांना पलीकडे पाठवलं. जादा विजार एकच होती.

सतीशने ती चढवली. गड्यांनी सायकल उचलून डोक्यावर धरली आणि तिघे पाण्यात उतरले. कमरेएवढ्या पाण्यात, पुढे सायकल, मागे सतीश. लाल फळं बाजूला सरायची, ते गेले की पुन्हा मिटायची. आवाज कसलाच नाही.

आणि पलीकडच्या काठावरून प्रशांतने आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा!"

"मोरया!" मृणाल ओरडली. माझ्या शेजारून विनय ओरडला. मीही ओरडलो. गडी हसायला लागले, सायकल वर हिंदकळली.

पुन्हा बाप्पा, पुन्हा मोरया! आणि मग सवयीने प्रशांत ओरडला, "पुढच्या वर्षी!"

कोणी काही बोललं नाही. मृणाल नाही, विनय नाही. माझंही तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. गडी सायकल धरून थांबले. म्हातारा शेतकरी आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघायला लागला.

तळ्याच्या मधोमध सतीश उभा राहिला. मागे वळला. आणि दोन्ही हात वर करून, होता तेवढा आवाज लावून त्यानेच ओरडून सांगितलं, "लवकर या!"